दोघांची झोप वेगळी, मग गादी एकच कशाला?



गेल्या महिन्यात आमच्या खोलीतला डबल पलंग निघाला आणि त्याच्या जागी दोन खाटा आल्या. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "काय गं, भांडलात की काय?" मी हसून वेळ मारून नेली. पण आपल्यापैकी कितीतरी जणी केवळ या एका प्रश्नाच्या भीतीने वर्षानुवर्षं अर्धवट झोपेत दिवस काढतात. म्हणून आज गादीवर लिहिते आहे.

आमची अडचण अशी. ह्यांना रात्री छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. मला कंबरदुखी, आणि झोप इतकी सावध की ह्यांनी कूस बदलली तरी मला जाग येते. ह्यांना डोक्याकडची बाजू उंच हवी, मला सपाट.

पाच वर्षांपूर्वी आम्ही एकदा फसलो होतो. दुकानदाराने "कंबरेसाठी खास, एकदम कडक" म्हणून स्प्रिंगची जाड गादी गळ्यात मारली. दुकानात आम्ही ती फक्त मुठीने दाबून पाहिली. घरी आणल्यावर कंबर आणखी दुखायला लागली, आणि ह्यांची प्रत्येक हालचाल स्प्रिंगांमधून माझ्यापर्यंत पोचायची. पैसे गेले होते, म्हणून तिच्यावरच पाच वर्षं काढली.

कंबरदुखीला फळीसारखी कडक गादी हवी, हा समज आपल्याकडे पक्का आहे. पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली होती. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम होता. त्यातही कुशीवर झोपणारीला खांदा आणि नितंब थोडे रुततील अशी गादी लागते, पाठीवर झोपणाऱ्याला जरा घट्ट चालते.

ह्यांच्या जळजळीवर डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. झोपण्याच्या तीन तास आधी जेवा, आणि खाटेची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचला. पहिली गोष्ट ऐकून मला हसूच आलं. दुकानामुळे रात्रिभोजन त्याग सांभाळणं ह्यांना जमत नव्हतं. आपल्या घरातला नियम शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आला! दुसरी गोष्ट ह्यांनी तीन उशा घेऊन केली. त्याने मान अवघडली आणि जळजळ तशीच राहिली, कारण उशांनी शरीर पोटाशी दुमडतं. उतार कंबरेपासून वरच्या सगळ्या अंगाला हवा. मग आम्ही पलंगाखाली विटा लावल्या. ह्यांना बरं वाटलं, पण मी रात्रभर पायाकडे घसरायची.

तेव्हा मोटरचा पलंग बघायला गेलो. बटण दाबलं की डोकं वर, पाय वर. छान आहे, खोटं कशाला बोलू? पण दोघांसाठी एकच फळी असेल तर ह्यांच्याबरोबर मीही वर जाणार. स्वतंत्र हवं तर दोन भाग, दोन मोटरी, दोन गाद्या, आणि किंमत लाखाच्या वर. त्यावर फोम किंवा लेटेक्ससारखी वाकणारी गादी लागते, आपली जुनी गादी चालत नाही. शिवाय वीज गेली तर पलंग खाली कसा आणायचा, हे विचारून घ्यावं लागतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, किंवा उठताना आधार लागत असेल, तर हा खर्च जरूर करा. पण आमच्यासारख्यांना त्याची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही काय केलं? बहात्तर बाय छत्तीसच्या दोन खाटा एकमेकींना लावून ठेवल्या. ह्यांच्या खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सुताराने लाकडी ठोकळे करून दिले, पाय निसटू नये म्हणून वर खाच पाडून. ह्यांना कापसाची घट्ट गादी, मला मध्यम लेटेक्सची. खोलीत एक बाजू उंच आणि एक सपाट दिसते, थोडं विचित्र दिसतं. दिसू दे.

गादी घ्यायला जाल तेव्हा दोघं जा. दुकानात आपण रोज झोपतो तशा कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडा, लाजू नका. नवऱ्याला शेजारी कूस बदलायला सांगा, धक्का किती पोचतो ते कळेल. एकमेकांत गुंतलेल्या स्प्रिंगांतून तो जास्त पोचतो, सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगांतून कमी, फोम आणि लेटेक्समध्ये आणखी कमी. झाडताना गादी आपल्यालाच उचलायची असते, म्हणून वजन बघा. परत घेण्याची मुदत लिहून घ्या.

आणि आपल्या घरासाठी एक खास प्रश्न: आत काय भरलं आहे? महागड्या गाद्यांत लोकर, रेशीम, पिसं असू शकतात. रेशमामागची हिंसा आपल्याला ठाऊक आहे, म्हणून विचारायचंच. ढेकूण झाल्यावर औषध मारण्याची वेळ येऊ नये, यासाठीही आधीच विचार हवा. कापसाची गादी उन्हात टाकता येते. फोम-लेटेक्सला कडक ऊन सोसत नाही, ती सावलीत वाऱ्यावर ठेवायची, म्हणून खोळ काढून धुता येईल अशीच घ्या.

कुणी म्हणेल, मुनिमहाराज जमिनीवर, फळीवर झोपतात, आणि आपण गाद्यांची चर्चा करतो! क्षितिशयन हा मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक आहे, त्यापुढे मस्तक नमतंच. पण तो जाणून घेतलेला नियम आहे. लाजेपोटी सोसणं वेगळं.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. खाटा आल्या त्या दिवशी त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचे मामंजी फार घोरायचे. मला झोप यायची नाही. दशलक्षणात मी चटईवर झोपायची, ते दहा दिवस काय झोप लागायची! मग पर्व संपलं तरी सांगायची, माझं व्रत चालू आहे. अशी किती वर्षं काढली."

व्रत नव्हतं ते, झोप हवी होती त्यांना. आणि ती मागायला व्रताचं नाव घ्यावं लागलं. मामंजींना शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं, तर कदाचित त्यांचं घोरणंही डॉक्टरांना दाखवता आलं असतं. खूप घोरणं आणि दिवसा पेंग येणं हे कधीकधी झोपेत श्वास अडकण्याचं लक्षण असतं, त्यावर कुठलीच गादी उपाय नाही.

एकाच गादीला हे मऊ म्हणतात आणि मी कडक म्हणते, आणि दोघंही खरं बोलतो. अनेकान्त आपण स्वाध्यायात ऐकतो, तो झोपायच्या खोलीतही लागू करायला काय हरकत आहे? तुम्हाला झोप लागत नसेल तर आजच घरात सांगा. काकूंना काय वाटेल, ते काकू बघतील.