दप्तर कोणाच्या हातीं?

पूर्वजन्मींच्या पापामुळें कुणब्याच्या वांट्याला वेठ आली, असें आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यांत आलें. बांधवहो, ज्या मुलखांत पूर्वजन्म कोणी मानीतच नाहीं, तेथील कुणब्याला ती कोणत्या पापामुळें आली?

सातशें वर्षांपूर्वींचें इंग्लंडांतील कूळ पाहा. तें जमिनीला बांधलेलें असे. धन्याच्या परवानगीवांचून त्याला गांव सोडतां येत नसे. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतांत फुकट राबावें; दळण त्याच्याच चक्कीवर न्यावें व त्यांतला हिस्सा द्यावा; मुलीचें लग्न करावयाचें तर पैसे भरावे; बाप मेला तर गोठ्यांतलें उत्तम जनावर धन्याच्या दावणीला बांधावें. शिवाय पिकाचा दहावा हिस्सा धर्मगुरूच्या कोठारांत! प्रार्थना मात्र लॅटिनांत, म्हणजे कुळाला न कळणाऱ्या भाषेंत. तेथेंहि भट होताच. फक्त गळ्यांत जानवें नव्हतें.

१३४८ सालीं तेथें प्लेग शिरला. माणसें इतकीं मेलीं कीं मजूर मिळेना व मजुरी वाढूं लागली. तेव्हां १३५१ सालीं कायदा झाला कीं, मजुरी प्लेगापूर्वींच्याच दरानें घ्यावी! पुढें डोईपट्टी बसली, आणि १३८१ सालीं कुळें उठलीं. गांवोगांव त्यांनीं धन्याचीं वेठीचीं दप्तरें काढून जाळलीं. चौदा वर्षांच्या राजानें मुक्ततेचीं लेखी वचनें दिलीं व महिन्याभरांत परत घेतलीं. पुढारी वॉट टायलर मारला गेला.

आतां आपल्याकडे या. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. पांचशें वर्षांचें अंतर, समुद्रापलीकडचा देश. पण दोघांचाहि हात कागदावरच गेला! कारण उघड आहे. कागदावर काय लिहिलें तें वाचतां येत नव्हतें, पण आपण त्यानेंच बांधले गेलों, एवढें कळत होतें. मात्र जाळलेला कागद धनी पुन्हां लिहितो.

हें पुराण भिवंडीला कशाला, असें कोणी म्हणेल. वेठबिगार १९७६ च्या कायद्यानें बंद झाली खरी. पण आपल्या तालुक्यांतील वीटभट्ट्या पाहा. कातकरी कुटुंब पावसाळ्यांत उचल घेतें आणि दिवाळीनंतर मुलांबाळांसह चिखल तुडवून ती फेडतें. विटा किती पाडल्या, खर्ची किती घेतली, याची वही मालकाजवळ. हंगाम सरतो, उचल पुष्कळदां सरत नाहीं. आणि लाजेची गोष्ट ही कीं, आज तो मालक नेहमींच भट-शेटजी नसतो. पुष्कळदां आपल्यापैकींच असतो. जो जाच आपल्या आज्यानें सोसला, तोच आपण कातकऱ्याला देणार असूं, तर जोतीरावांचें नांव घेण्याचा आपल्याला अधिकार काय?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. भट्टीवर असो वा मागावर, प्रत्येक कामकऱ्याच्या घरीं स्वतःची वही असावी. उचलीचा आंकडा दोन्ही वह्यांत एकाच वेळीं, दोघांच्या देखत पडावा. आईबापांना अक्षर येत नसेल तर लेकीनें लिहावें. जोतीरावांनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती अशाच लेकींसाठीं. परंतु भट्टीवर गेलेल्या पोरीची शाळा दिवाळीलाच सुटते! ती सुटूं न देणें हें मालकाचें, मास्तराचें व आपलें, तिघांचेंहि काम आहे. जिची वही तिनें वाचली, तिला पूर्वजन्माची थाप पुन्हां कोण मारील?