स्क्रीनवरचा भाव आणि हातातला पैसा

या रमजानमध्ये अंधेरीला बहिणीच्या घरी जकातीचा हिशेब करत बसलो होतो. भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामू, हे बघा, चार हजार शेअर. पंचेचाळीसला घेतले होते, आज बासष्ट आहे." म्हणजे 2,48,000 रुपये. अडीच टक्क्यांनी जकात झाली 6,200 रुपये. त्याने ती खुशीने दिली.

ईदनंतर धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून त्याने शेअर विकायला काढले. खरेदीदारच नव्हता. भाव पाच टक्के खाली आला, सर्किट लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दहा दिवसांत भाव 37 वर आला आणि जेमतेम सहाशे शेअर विकले गेले. स्टॉप लॉस लावला होता, पण समोर घेणारा नसेल तर स्टॉप लॉस काय करणार? फी अखेर आईच्या बांगड्या विकून भरली.

शेअर घेताना त्याने एक प्रश्न विचारला होता: कंपनी हलाल आहे का? दारू नाही, व्याजाचा धंदा नाही, डोक्यावर फारसं कर्ज नाही. उत्तर बरोबरच होतं. दुसरा प्रश्न मात्र त्याने विचारला नाही आणि आम्हीही नाही: विकायची वेळ आली तर घेणार कोण?

आपल्यासाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. व्याज नको म्हणून आपल्यातले बरेच जण मुदत ठेव टाळतात. मग अडीअडचणीला ठेवलेला पैसाही शेअरमध्ये जातो. मुंबई शेअर बाजाराने 2010 मध्ये टॅसिसबरोबर शरीआ निर्देशांक सुरू केला, तो पन्नास मोठ्या कंपन्यांचा. व्हॉट्सॲपवर 'हलाल शेअर' म्हणून फिरणाऱ्या कंपन्या बहुधा त्यातल्या नसतात. आणि शरीआची चाळणी धंदा स्वच्छ आहे की नाही एवढंच सांगते. बाहेर पडायचा दरवाजा किती रुंद आहे, ते सांगत नाही.

तो दरवाजा आपणच मोजायचा. भाच्याच्या शेअरची रोजची सरासरी उलाढाल होती तीनशे. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे शंभर शेअर आपण रोज विकले, तर चार हजार विकायला चाळीस कामाचे दिवस लागतात. दोन महिने! त्याहून घाई केली तर भाव आपणच पाडतो. 62 हा भाव खोटा नव्हता, पण तो शंभर-दोनशे शेअरचा होता, चार हजारांचा नव्हता.

कुणी म्हणेल, एलसिड बघा. मुंबईच्या एलसिड इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर 29 ऑक्टोबर 2024 रोजी विशेष लिलावात 3.53 रुपयांवरून थेट 2,25,000 रुपयांवर गेला. खरं आहे. पण त्यातूनही हेच दिसतं, की जिथे व्यवहारच होत नाहीत तिथे स्क्रीनवरच्या आकड्याला अर्थ नसतो. तिथे तो फार कमी होता, भाच्याकडे फार जास्त.

उलाढाल अचानक वाढली तरी खूश होऊ नका. साधना ब्रॉडकास्टच्या शेअरची यूट्यूबवर खोटी जाहिरात झाली, आणि सेबीने मार्च 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला. व्हिडिओ बघून लोक घेत असताना आतले लोक विकत होते. म्हणजे दरवाजा उघडला होता, पण त्यांच्यासाठी.

माझं मत साधं आहे. वर्षभरात लागणारा एक रुपयाही अशा शेअरमध्ये घालू नये. घालायचाच असेल तर दहा दिवसांत विकता येतील एवढेच शेअर घ्यावेत, आणि सगळे बुडाले तरी घर चालेल हे आधी पाहावं.

पाण्यातला मासा पकडण्याआधी विकू नये, असं आपल्याकडे शिकवतात. स्क्रीनवरचा नफाही विकला जाईपर्यंत पाण्यातच असतो.