करखात्याचा विवेकाधिकार आणि उच्च न्यायालय

मालवण किनाऱ्यावर मासळी गोठविण्याचा धंदा करणारी एखादी लहान कंपनी आहे असे समजा. मोसम वाईट गेला, तोटा आला, आणि हिशेबनीस आजारी पडल्यामुळे प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीनंतर चार दिवसांनी दाखल झाले. या चार दिवसांची शिक्षा थोडीथोडकी नव्हे. मुदत चुकविणाऱ्यास धंद्यातील तोटा पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करून मिळत नाही. यावर 1961 च्या प्राप्तिकर कायद्याने एक तोड काढून ठेविली: अडचण खरी असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळास दिला. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने 1 कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांपुरता तो प्रधान आयुक्तांकडे सोपविण्यात आला. आता आयुक्तांनी ‘अडचण खरी दिसत नाही’ एवढ्या एका ओळीवर अर्ज निकालात काढला, तर या कंपनीने दाद कोठे मागावी?

प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण 1941 पासून चालू आहे; परंतु या हुकुमावर तेथे अपील चालत नाही. उरतो तो संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदाखालील उच्च न्यायालयातील रिट अर्ज. कित्येक जाणती मंडळी म्हणतात की, हे तंटेही न्यायाधिकरणाकडेच द्यावेत. तेथील सभासदांस हिशेब कळतो व खर्चही कमी येतो. खर्चाची गोष्ट आम्ही नाकारीत नाही. पण येथे प्रश्न कर किती, हा नसून अधिकाऱ्याने आपला अधिकार कसा वापरला, हा आहे. अर्जदाराचे म्हणणे ऐकले काय? कारणे दिली काय? गैरलागू गोष्टी मनात आणल्या काय? हे तपासणे उच्च न्यायालयाचे मूळचे काम होय. कायद्याने या अधिकारास विवेकाधिकार म्हटले आहे. कचेरीत त्याचा इच्छाधिकार होण्यास वेळ लागत नाही! कॅनडातही डाऊ केमिकल कंपनीच्या प्रकरणी हाच वाद उपस्थित झाला होता. मंत्र्याच्या विवेकाधिकाराने नाकारलेली सवलत कर न्यायालयाने तपासावी की संघीय न्यायालयाने? तेथील सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 2024 रोजी चार विरुद्ध तीन मतांनी कौल दिला तो संघीय न्यायालयाच्या बाजूने.

आमच्या देशात तर या दाराचा इतिहास विसरण्याजोगा नाही. कंपनी सरकारच्या वसुलीत न्यायाधीशांनी हात घालू नये म्हणून 1781 च्या कायद्याने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टास महसुली बाबतीत मज्जाव करण्यात आला. तोच मज्जाव 1915 च्या व पुढे 1935 च्या कायद्यात उतरला. आणि गंमत अशी की, 1935 च्या कायद्यातील त्या कलमाचा आकडाही 226 च होता. त्या काळातही मुंबईच्या अल्कॉक ॲशडाऊन कंपनीने मुख्य महसूल अधिकाऱ्याविरुद्ध झगडून प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेले. कायद्याचा गंभीर प्रश्न असता तो न्यायालयाकडे धाडणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य करावयास लावणे म्हणजे महसुलात हात घालणे नव्हे, असा निकाल 1923 मध्ये मिळाला. जुना मज्जाव संविधानाने 225 व्या अनुच्छेदाच्या परंतुकाने काढून टाकिला. आणीबाणीत 42 व्या घटनादुरुस्तीने हे परंतुकच उडविले गेले. 44 व्या दुरुस्तीने ते परत आणावे लागले. इतक्या प्रयासाने उघडे राखलेले दार केवळ सोयीच्या नावाखाली लोटून घेण्यास आम्ही संमती देणार नाही.

मात्र दार उघडे असून घरापासून लांब असेल तर काय उपयोग? मालवणाहून मुंबई 500 किलोमीटरांच्या घरात. आणि रिट अर्ज जिंकला तरी बहुधा न्यायालय प्रकरण फेरविचारार्थ त्याच आयुक्तांकडे परत धाडते. तोट्यातल्या कंपनीने दोन खेपा कशाच्या बळावर कराव्या? सुदैवाने 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरास मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले व सहा जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचाही समावेश झाला. फोंडाघाट चढून 150 किलोमीटरांच्या सुमारास न्यायासन गाठता येईल, हे आमच्या जिल्ह्याच्या वाट्यास प्रथमच आले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सिंधुदुर्गातील करदात्याचे असे रिट अर्ज कोल्हापुरासच चालावेत. हुकूम पुण्यास किंवा मुंबईस निघाला, ही सबब सरकारी वकिलाने पुढे करू नये. आकारणी करणारा अधिकारी कोठे बसतो हे आता कित्येकदा करदात्यास कळतही नाही. दावा जेथे उद्भवला तेथील उच्च न्यायालयासही अधिकार असावा, हे तत्त्व 1963 च्या घटनादुरुस्तीने मान्य केलेलेच आहे. एकाच न्यायालयाच्या दोन आसनांत ते न पाळण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आणि त्याच परिपत्रकाने असे अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढण्यास सांगितले आहे, तो ‘शक्यतो’ शब्द काढून कारणांसह लेखी हुकूम देण्याची सक्ती मंडळाने आपल्या आयुक्तांवर करावी. तेवढ्यास संसदेत जाण्याचीही गरज नाही.