ऐकण्याचे मोल

भाऊबीजेला निफाडला जाण्याचा शिरस्ता आमच्या घरात वडिलांपासून चालत आलेला आहे. वडील गेले, पण आत्या आहे. तेव्हा नाशिकहून गाडीत बसायचे, निफाडच्या स्टेशनावर उतरायचे आणि तिने मांडलेल्या पाटावर वडिलांच्या जागी बसायचे, हे काम आता माझ्याकडे आले आहे. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली. दिवाळीत तिची नुसती चाहूल असते. पण आत्या तेवढ्यावरच मला शाल काढून देते.

आत्याचा फोन देवघराशेजारच्या कोनाड्यात असतो. जुना, बटणांचा. त्यावरून ती स्वतः महिन्याकाठी फार तर दहा मिनिटे बोलत असेल. बाकी सारे ऐकणे. पुण्याची लेक रात्री आठला फोन करते. गॅसच्या सिलिंडरचा आकडा त्यावरच येतो. पेन्शन जमा झाल्याचा निरोपही त्यावरच.

गेल्या खेपेला मात्र तो कोनाडा दाखवून ती म्हणाली, “हा मेला मुका झाला होता बघ श्रावणात.”

झाले होते असे, की रिचार्जची मुदत संपली होती आणि तिच्या ते ध्यानात आले नव्हते. आधी बाहेर जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. नेमकी त्याच आठवड्यात तिची येवल्याची धाकटी बहीण गेली. भाच्याने दहादा फोन लावला. शेवटी कुणी ओळखीचा निरोप घेऊन मोटारसायकलवरून आला, तोवर सगळे आटोपले होते.

“तोंडसुद्धा दिसलं नाही रे,” आत्या म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारले, “मी बोलते कुठं? नुसती ऐकते. ऐकण्याचेही पैसे पडतात होय?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. परतीच्या गाडीत मी त्याचाच विचार करीत बसलो.

मंडळी, गंमत अशी आहे, की एके काळी ऐकण्याचे पैसे मिळत असत! मोबाइल आपल्या देशात १९९५ साली आला, तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून नवा कायदा लागू झाला : जो बोलावील तो भरील. शिवाय त्याच्या कंपनीने, ज्याला फोन केला त्याच्या कंपनीला, मिनिटाला काही पैसे द्यायचे. २००८ साली हा दर ३० पैसे होता. म्हणजे आत्यासारखी माणसे कोनाड्याशी बसून लेकीची हकीकत ऐकत, तेव्हा त्यांच्या कंपनीच्या गल्ल्यात मिनिटागणिक ३० पैसे पडत असत.

हे हिशेब मोठ्या पेढ्यांपेक्षा लहान दुकानांना लवकर उमगतात. २००८ च्या मार्चमध्ये टाटांच्या जाळ्यावर व्हर्जिन मोबाइल नावाची सेवा निघाली. तिचे गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजातली, खिशाने फाटकी मुले. तिने जाहीर केले, की येणाऱ्या फोनच्या दर मिनिटाला १० पैसे आम्ही तुमच्या खाती जमा करू. कुणाला वाटले, हा तर दानधर्म! पण मिळालेल्या तिसांतले दहा परत देण्यात दान कसले? उलट गिऱ्हाईकच मित्रांना म्हणे, “तूच फोन कर.”

दुसऱ्या वर्षी टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला. त्याआधी एकसष्ट सेकंद बोललात, तर दोन मिनिटांचे पैसे जात. युनिनॉरने आणखी एक युक्ती काढली. ज्या मनोऱ्यावर ज्या वेळी वर्दळ कमी, तिथे सवलत जास्त. निफाड तालुक्यातल्या माणसाला यात नवल ते काय? लासलगावच्या लिलावात सकाळचा कांदा आणि दुपारचा कांदा एकाच भावाने कधी गेला आहे? आणि इफ्को किसानने २००७ पासून एअरटेलच्या साथीने शेतकऱ्यांसाठी ‘ग्रीन सिम’ आणले, त्यावर हवामानाचे आणि पिकांचे निरोप आपल्या भाषेत फुकट ऐकू येत. द्राक्षाच्या मोसमात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्याला त्या एका मिनिटाचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

या दुकानांचा धर्म एकच होता. आधी एक लहानसे गिऱ्हाईक निवडायचे, त्याची सवय ओळखायची आणि त्या सवयीच्या मापाने दर शिवायचा. शिंप्याकडचे कापड जसे.

यांतली बरीच दुकाने टिकली नाहीत. युनिनॉरचे परवाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, इतरांच्या मिळून १२२ परवान्यांबरोबर, रद्द झाले. नाव बदलून ती उरली आणि २०१८ मध्ये एअरटेलमध्ये विरली. टाटांचा मोबाइल २०१९ साली त्याच वाटेने गेला. दरम्यान २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आली, बोलणे फुकट झाले आणि पैसे इंटरनेटचे घेतले जाऊ लागले. ऐकण्याचा तो ३० पैशांचा दर उतरत उतरत २०२१ च्या १ जानेवारीला शून्य झाला.

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडले. ती ऐकत होती, तोवर कंपनीला तिच्यापासून मिळकत होती. ऐकणे बिनमोल झाले, त्या दिवसापासून ती नुसती भाडेकरू उरली. मनोरा उभा ठेवायला खर्च येतो, ती बोलो न बोलो, हेही खोटे नाही. पण भाडे कसे वाढले पाहा. २०१८ च्या अखेरीस नंबर जिवंत ठेवायला महिन्याला ३५ रुपये पुरत. २०२४ च्या जुलैत ते दोनशेच्या घरात गेले. तेही २८ दिवसांना! म्हणजे वर्षात तेरा हप्ते. पंचांगातला अधिक मास तीन वर्षांनी येतो, फोनच्या पंचांगात तो दरसाल येतो.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने कंपन्यांना हुकूम केला, की ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी नुसते बोलण्याचे आणि निरोपांचे रिचार्ज ठेवा, आणि मुदत वर्षापर्यंत ठेवायला मुभा दिली. तशी रिचार्जे २०२५ च्या जानेवारीत आली. वर्षाचे अठराशेच्या आसपास. मी पेन्सिल काढली. आत्याचे बोलणे वर्षाला १२० मिनिटे. भागाकार आला पंधरा. मिनिटाला पंधरा रुपये! तीस वर्षांत जगातला सगळ्यांत स्वस्त फोन म्हणून आपण मिरवलो, आणि आमची आत्या जवळजवळ १९९५ च्याच दराने बोलते आहे.

न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म याच निफाडचा, १८४२ चा. पुस्तकातले अर्थशास्त्र जसेच्या तसे आपल्याकडे लागू पडत नाही, असे त्यांनी १८९२ साली पुण्याला बजावले होते. सरासरी काढणाऱ्यांनी हे आठवावे. सरासरीत बडबडे तरतात आणि अबोल बुडतात.

घरी आल्यावर मी आत्याच्या नंबरावर वर्षाचे रिचार्ज केले. ओवाळणी उशिरा पोचली म्हणायची. तिला फोन करून सांगितले.

“म्हणजे आता वर्षभर मुका नाही ना होणार?” तिने विचारले.

“नाही.”

“बरं झालं. पण तो येवल्याचा फोन काही आता येणार नाही रे,” ती म्हणाली, आणि मग मला बजावून सांगितले, “ठेव आता. तुझे पैसे पडत असतील.”

वाचकहो, यंदा फराळाचे डबे गावाकडे पोचवाल, तेव्हा कोनाड्यातल्या फोनची मुदतही तेवढी पाहून ठेवा.