हरवलेली वायर

आपल्याकडे प्रत्येक घरात वायरींचा एक डबा असतो. जुन्या टेपरेकॉर्डरची, मिक्सरची, कुणाकुणाच्या मोबाइलची वायर त्यात पडलेली असते. कोणती कशाची, हे घरात कुणालाच सांगता येत नाही, पण टाकून द्यायला हात धजत नाही. आणि नेमकी हवी ती वायर मात्र त्या डब्यात कधीच सापडत नाही. मग माणूस काय करतो? जी बसते ती लावून मोकळा होतो. वाचकहो, ‘बसली म्हणजे चालली’ ही समजूत किती महागात पडू शकते, ते हैदराबादला आमच्या मामींच्या घरी पाहायला मिळाले.

मामींचे माहेर गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. घरात मराठी, माहेरची माणसे आली की कन्नड आणि दारावरच्या भाजीवाल्याशी दखनी, असा त्यांचा संसार. मामा सौदीत नोकरीला होते. 1986 साली सुट्टीवर येताना त्यांनी बारा इंची, काळापांढरा, वर हँडल असलेला पोर्टेबल टीव्ही आणला. तो विजेवर चाले आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवरही. पुढच्या वर्षी ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी ऐन वेळी दिवे गेले की मामी ओरडत, “करंट होय्तु!” मग मामा शांतपणे बॅटरीला वायर जोडत आणि सगळी आळी त्यांच्या बैठकीत गोळा होई.

मामा आता नाहीत. मामी मुलीकडे पुण्याला राहायला निघाल्या होत्या. माळ्यावरून टीव्ही खाली आला, पण विजेची आणि बॅटरीची, दोन्ही वायरी बेपत्ता. “चालू झाला तर बरोबर नेते. नाही तर भंगारवाल्याला द्या,” मामी म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता, म्हणूनच मला ते लागले.

नातवाने डब्यातून जुन्या रेडिओची वायर शोधून काढली. ती चपखल बसली. तो बटण दाबणार, एवढ्यात मी त्याला थांबवले आणि टीव्हीच्या मागची पाटी वाचली. त्या काळी सौदीत घरगुती वीज बहुतेक ठिकाणी 127 व्होल्टची असे. त्यामुळे तिकडून येणाऱ्या पुष्कळ वस्तूंना मागे कमी आणि जास्त दाबाचा खटका असायचा. या टीव्हीचा खटका कमी दाबाच्या खुणेवर होता. मुलांच्या हातून कधी सरकला कोण जाणे! त्यावर आपले 230 व्होल्ट सोडले असते तर आतला ट्रान्सफॉर्मर जळून पुण्याचा प्रश्न तिथेच मिटला असता.

टीव्ही घेऊन आम्ही कोठीला गुजराती गल्लीत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग हवे असले की हैदराबादकर हीच गल्ली गाठतो. तिथल्या एका वयस्क कारागिराने आधी वायरीला हातच लावला नाही. म्हणाला, “नक्को साब, पैले पाटी पढो.” पाटीवर बॅटरीसाठी 12 व्होल्ट, 15 वॉट असे होते. पंधराला बाराने भागा, सव्वा अँपिअर येतात. त्याने सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लावतात तो 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा अडॅप्टर काढला. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कारण टाकी मोठी असली तरी नळ आपल्याला लागेल तेवढेच पाणी घेतो. व्होल्ट मात्र जास्त चालत नाहीत.

पुढची गोष्ट धन आणि ऋण टोकांची. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत आतली पिन धन असते, जुन्या यंत्रांत ती कित्येकदा उलटी असायची. त्याने मागचे झाकण उघडून मीटरने तपासले, मगच पिन जोडली. (हे घरी करू नये. टीव्ही बंद असला तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.) तरीही त्याने सरळ वीज दिली नाही. मध्ये मोटारीच्या इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि टीव्ही वाचतो. बल्ब मिणमिणला तेव्हा कुठे त्याने तो काढला.

त्याचा हात म्हणे ईसी टीव्हीवर बसला होता. ईसीआयएल ही 1967 साली डॉ. ए. एस. राव यांच्या पुढाकाराने हैदराबादला उभी राहिलेली अणुऊर्जा खात्याची कंपनी. 1975च्या ऑगस्टपासून वर्षभर उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, त्यातले संच तिनेच बनवले होते. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत विजापूर, गुलबर्गा, रायचूरकडची गावेही होती आणि त्यांना कन्नड कार्यक्रम मिळत. मामींनी आयुष्यातला पहिला टीव्ही शाळेच्या पटांगणात पाहिला तो हाच. तो आपल्याच हैदराबादेत तयार झाला होता, हे त्यांना त्या दिवशी कळले!

सरळ वीज मिळाल्यावर पडदा उजळला, पण नुसत्या मुंग्या. दुसरे काय होणार? दूरदर्शनचे मनोऱ्यांवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद होत 2022 पर्यंत जवळजवळ संपले. अँटेना कितीही फिरवली तरी आता हवेत काही नाही. विजेची वायर मिळाली, तरी चित्राची वायर हरवलेलीच होती. त्यावरही गल्लीत इलाज निघाला. मॉड्युलेटर नावाची लहानशी डबी मिळाली. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या वायरी तिच्यात घालायच्या. ती त्या चित्राचे जुन्या चॅनेलमध्ये रूपांतर करते आणि टीव्हीला मनोऱ्यावरूनच काही आल्यासारखे वाटते.

रात्री घरी फ्री डिशच्या बॉक्सला ती डबी जोडून मी टीव्हीचे चॅनेलचे बटण हळूहळू फिरवले. मुंग्या विरळ होत गेल्या आणि ‘चंदना’ वाहिनीवरची कन्नड बातमी स्पष्ट ऐकू आली. “बंतु नोड्री!” मामी म्हणाल्या आणि मामांच्या फोटोकडे पाहत राहिल्या.

पुण्याला जाताना त्यांनी टीव्ही ट्रकच्या सामानात जाऊ दिला नाही, मांडीवर घेतला. मागच्या खटक्यावर मी चिकटपट्टी लावली आहे. नवी वायर त्यांनी हँडललाच सुतळीने बांधली आणि नातवाकडून चिठ्ठी लिहवून घेतली: ‘या टीव्हीचीच. 12 व्होल्ट. दुसऱ्या कशाला लावू नये.’