सावलीची घाई नको

मिनेसोटात हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांखालीही उतरतो. तिथल्या अंगणात सावलीचं झाड निवडताना पहिला प्रश्न असतो : लवकर वाढेल ना? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. झपाट्याने वाढणाऱ्या सिल्व्हर मेपलचं लाकूड कमकुवत. बर्फाचा थर चढला की फांद्या कडाकड मोडतात, आणि अंगण लहान असेल तर थेट छपरावर येतात. त्यापेक्षा बर ओक लावावा. बुचासारखी जाड साल आणि खोल सोटमूळ असलेलं हे झाड उणे 40 अंशही सोसतं, कोरडा उन्हाळाही. घराच्या पश्चिमेला लावलं तर दुपारचं ऊन अडतं, आणि पानगळीनंतर हिवाळ्याचं ऊन बऱ्यापैकी आत येतं.

ओक हळू वाढतो, हे खरंच. पण वेग पाहताना निभाव विसरून चालत नाही. ‘मग सगळ्यांनी ओकच लावायचा का?’ हा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे. तिथल्या शहरांनी रस्तोरस्ती एल्म लावले, ते डच एल्म रोगाने नेले. त्यांच्या जागी ॲश आले. 2002 मध्ये डेट्रॉइटजवळ ओळखला गेलेला हिरवा भुंगेरा 2009 मध्ये सेंट पॉलला पोचला आणि त्यांनाही पोखरू लागला. ओकलाही बुरशीचा रोग आहेच, म्हणून छाटणी हिवाळ्यातच करावी. आणि शेजाऱ्याकडे आधीच ओक असेल, तर आपण खुशाल हॅकबेरी लावावं.