रुईच्या पानामागे

कुक्षीच्या काळ्या मातीवर पाऊस पडला, की आमच्या शाळेच्या कुंपणाशी रुई, टाकळा, आघाडा यांची दाटी होते. इकडे रुईला आकडा म्हणतात. गतवर्षी स्वातंत्र्यदिनापूर्वी आम्ही ही सारी 'घाण' उपटून टाकविली. तेव्हा एका मुलीने रुईची तुटलेली फांदी आमच्या मेजावर आणून ठेवली. पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी होती. "सर, आता हिने काय खायचे?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

फुले लावली की फुलपाखरे येतात, असा आमचा समज होता. परंतु फूल हे त्यांचे जेवणघर; बाळंतघर असते पान. तांबूस पंखांच्या काळ्या कडेवर पांढरे ठिपके मिरविणारे फुलपाखरू रुई व तिच्या भावकीतील झाडांवरच अंडी घालते. अळी तो विषारी चीक अंगी साठविते, म्हणून पक्षी तिला टाळतात. टाकळ्यावर लहान पिवळी फुलपाखरे वाढतात, तर लिंबू-कढीलिंबावर निराळी. रुईच्या फुलांचे परागण मोठे काळे भुंगे करतात.

यंदा कुंपणाची एक पट्टी आम्ही राखली आहे. चीक डोळ्यांस घातक, म्हणून मुलांनी पाने तोडू नयेत, एवढाच तिथला नियम.

शनिवारी मारुतीस रुईची माळ वाहणाऱ्या वाचकांस एक विनंती. पान खुडण्यापूर्वी उलटून पाहावे. मागे मोहरीएवढे पांढुरके अंडे दिसले, तर ते पान झाडावरच राहू द्यावे. मारुतिरायास ते तिथेच पावेल.